डेटाबेस सर्व्हरची नाडीपरीक्षा

डेटाबेस सर्व्हर ही वस्तू आमच्या बहुतेक वाचकांनी डोळ्यांनी पाहिलेली नसेल. परंतु तिच्याशी व्यवहार केल्यावाचून त्यांचा एकही दिवस जात नाही. आगगाडीचे तिकीट काढा, बँकेत पैसे भरा, विजेचे बिल चुकते करा, परीक्षेचा निकाल पाहा. प्रत्येक वेळी कोठेतरी एका यंत्रास प्रश्न विचारला जातो व ते आपल्या कोठारातील नोंदी चाळून उत्तर देते. नोंदींच्या या कोठारास डेटाबेस म्हणतात, आणि ते सांभाळून एकाच वेळी शेकडो लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या यंत्रास डेटाबेस सर्व्हर. सर्व नोंदी साध्या कोष्टकांच्या रूपाने ठेवाव्यात, ही कल्पना एडगर कॉड या इंग्रज शास्त्रज्ञाने आय.बी.एम. कंपनीत असताना १९७० साली मांडली. आज जगातील असंख्य कचेऱ्यांचे हिशेब त्याच कल्पनेवर उभे आहेत.

हे यंत्र आजारी पडते. मात्र माणसाप्रमाणे ते कण्हत नाही. आदल्या क्षणापर्यंत ते बिनबोभाट काम करीत असते, आणि दुसऱ्या क्षणी साफ बंद पडते. म्हणून त्याची नाडी सतत पाहत राहणारी निराळी साधने निघाली आहेत. ती डझनावारी आहेत. कित्येक फुकट मिळतात, काहींना दरमहा भाडे पडते. त्यांतून आपल्या कामाचे साधन कसे निवडावे, याविषयी लिहावे असे संपादकांनी सुचविले. या विषयात आम्ही एकदा चांगलेच तोंडघशी पडलो आहो. तेव्हा तेथूनच आरंभ करतो.

बडोद्यातील एका लहानशा पतपेढीच्या सर्व्हरची देखरेख आमच्याकडे होती. त्यावर पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस चालत असे. ज्यांच्या घरी दुकान आहे त्या विद्यार्थ्यांना रोजकीर्द व खतावणी हे शब्द परिचयाचे असतील. व्यवहार घडताच तो प्रथम रोजकीर्दीत उतरावयाचा आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाचा, ही आपल्या व्यापाऱ्यांची जुनी रीत. पोस्टग्रेस नेमके हेच करतो. प्रत्येक बदल तो आधी आपल्या रोजकीर्दीत लिहितो; ही रोजकीर्द १६ एमबीच्या तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर साठते, आणि एखाद्या तुकड्याची गरज सरली म्हणजे तो तुकडा आपोआप मोकळा केला जातो. वीज अवचित गेली तरी रोजकीर्द शाबूत असल्यामुळे खतावणी पुन्हा जुळविता येते.

पतपेढीत एक दुसरे यंत्रही होते. मुख्य सर्व्हरची रोजकीर्द वाचून ते स्वतःजवळ हुबेहूब नक्कल तयार ठेवी. या नकलेच्या नावाची एक खूण मुख्य सर्व्हरजवळ नोंदलेली असते. तिला स्लॉट म्हणतात. तिचा अर्थ असा की, रोजकीर्दीचे पान नकलेपर्यंत पोहोचल्याखेरीज ते मोकळे करावयाचे नाही. व्यवस्था उत्तमच. पण नकलेचे यंत्र बिघडून दुरुस्तीस गेले आणि तेथेच तीन आठवडे अडकले. मुख्य सर्व्हर मात्र आज्ञाधारकपणे त्याची वाट पाहत रोजकीर्दीची पाने साठवीत राहिला. २४० जीबीच्या डिस्कवर ६३ जीबी जागा मोकळी होती. रोज सुमारे ३ जीबी पाने जमत गेली. एकविसाव्या दिवशी, रविवारी रात्री, डिस्क काठोकाठ भरली. रोजकीर्दीत एक ओळही लिहिता येईना, आणि अशा प्रसंगी पोस्टग्रेस काम बंद करतो. न लिहिता व्यवहार करण्यापेक्षा दुकानास कुलूप लावणे त्यास पसंत असते. ते योग्यच आहे.

सोमवारी साडेदहाला खिडकी उघडली तेव्हा बाहेर निवृत्त मंडळींची रांग लागली होती. एका आजोबांना नातवाच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते व ती शेवटची तारीख होती. पडद्यावर खाते दिसेना. व्यवस्थापकांनी आपल्या जबाबदारीवर, हाताने पावती लिहून, त्यांना रक्कम दिली. बाकीचे लोक दीड वाजेपर्यंत बाकांवर बसून राहिले. आम्ही आत घामाघूम झालो होतो. रोजकीर्दीचे जुने तुकडे हाताने पुसून टाकावेत असा मोह क्षणभर झाला, हे कबूल करतो. तसे केले असते तर खतावणीच नासण्याचा संभव होता. ते तुकडे हाताने कधीही पुसू नयेत. दुसरी निरुपयोगी फाइल काढून थोडी जागा केली, सर्व्हर चालू केला, नकलेची खूण रद्द केली, तेव्हा त्याने स्वतःच साठलेली पाने मोकळी केली. एकही नोंद गमावली नाही.

आता लाजेची गोष्ट सांगावयाची ती पुढेच. देखरेखीचे साधन आमच्यापाशी होते! डिस्क ९० टक्के भरताच, म्हणजे बंद पडण्याच्या आठ दिवस आधी, त्याने इशारा पाठविला होता. नंतरही तो रोज पाठवीत होते. इशारा जात होता तो एका सहकाऱ्याच्या पत्त्यावर, आणि ते सहकारी काही महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते. ती पेटी कोणी उघडीतच नव्हते. शिवाय ते साधन आम्ही निवडले होते ते त्यातील रंगीत आलेख पाहून. ऐंशीच्या वर आलेख होते. पहिले आठ दिवस ते आम्ही कौतुकाने पाहिले असतील, पुढे नाही.

असा प्रसंग केवळ आमच्यासारख्यांवरच येतो असे नाही. गिटलॅब नावाची कंपनी जगभरच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने, नकलेच्या यंत्रावर आहो अशा समजुतीने, मुख्य यंत्रावरील डेटाबेस पुसावयास घेतला. चूक ध्यानात येऊन हात आखडेपर्यंत सुमारे ३०० जीबींपैकी ४.५ जीबी उरले होते. मग राखीव प्रती शोधल्या, तो ज्या ठिकाणी त्या रोज साठत असाव्यात ते ठिकाण रिकामे! प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्याने रोज अपयशी होत होता. अपयशाची सूचना देणारी पत्रेही निघत होती. परंतु त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने टपाल घेणारे यंत्र ती नाकारीत होते. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत दुसऱ्या कारणासाठी काढलेली सापडली व तिच्यावर निभावले. मधल्या सहा तासांचे काम गेले ते गेलेच. ही सर्व हकीकत कंपनीने स्वतः छापून प्रसिद्ध केली, याबद्दल आम्हांस तिचा आदर वाटतो.

तेव्हा साधनाच्या बाजारात शिरण्यापूर्वी एका कागदावर लिहून काढावे की, या यंत्रास काय काय होऊ शकते आणि ते आपल्याला किती आधी कळावयास हवे. हा कागद प्रत्येकाचा निराळा असतो. आमच्या कागदावरील काही नोंदी येथे देतो.

डिस्कची गोष्ट झालीच आहे. तीत एक भर घालतो. ‘९० टक्के भरली’ या वाक्याला एकट्याने फारसा अर्थ नाही. २००० जीबीची डिस्क ९० टक्के भरली तरी २०० जीबी शिल्लक राहते. ४० जीबीची भरली तर अवघी ४ जीबी. खरा प्रश्न असा की, भरण्याचा वेग काय व या वेगाने किती दिवस उरले? ज्या साधनास मागील कित्येक आठवड्यांचे आकडे स्मरतात तेच याचे उत्तर देऊ शकते. आमच्या सर्व्हरवर रोज ३ जीबी जात होते. दिवसांचा हिशेब कोणी मांडला असता तर नकलेचे यंत्र दुरुस्तीस गेले त्याच आठवड्यात उलगडा झाला असता.

दुसरी नोंद जोडण्यांची. सर्व्हरपाशी प्रश्न विचारणाऱ्यांसाठी जणू ठराविक खुर्च्या असतात. कोणी बदल केला नसेल तर पोस्टग्रेसमध्ये त्या १०० असतात व मायएस्क्यूएलमध्ये १५१. त्या भरल्या की पुढच्यास दारातूनच परत जावे लागते. येथे निव्वळ संख्या मोजून भागत नाही. खुर्चीवर बसलेला काम करीत आहे की नुसताच बसला आहे, हेही पाहावे लागते. खतावणीचे पान उघडून, त्यावर हात ठेवून, कारकून चहाला निघून गेला तर त्याच पानावर लिहू पाहणारे सर्वजण त्याच्या मागे खोळंबतात. डेटाबेसमध्ये अगदी हेच घडते. एखादा प्रोग्रॅम व्यवहार सुरू करतो, नोंदीस कुलूप घालतो आणि पुढे काहीच करीत नाही. असा व्यवहार किती मिनिटे रेंगाळला आहे हे जे साधन दाखवीत नाही, ते आमच्या मते कितीही देखणे असले तरी कुचकामाचे होय.

तिसरी नोंद उत्तरास लागणाऱ्या वेळाची. येथे सरासरी मोठा घात करते. समजा, १०० प्रश्नांपैकी ९९ प्रश्नांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि एकास ५ सेकंद. एकूण वेळ झाला ५९९० मिलिसेकंद, सरासरी ६० मिलिसेकंदांहूनही किंचित कमी. कागदावर सर्व आलबेल दिसते. परंतु तो एक प्रश्न विचारणारा मनुष्य खिडकीपाशी ताटकळत उभा असतो. म्हणून वेळांची चढत्या क्रमाने मांडणी करून, शेवटच्या टोकाकडील मंडळींना किती वेळ लागला हे पाहतात. विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गाच्या गुणांवर हा प्रयोग करून पाहावा. सरासरी गुण चांगले असलेल्या वर्गातही शेवटच्या बाकावर काय चालले आहे ते तेवढ्यावरून कळत नाही.

आणखी एक नोंद अशी की जी बहुतेकांच्या कागदावर नसते. नोंदींना अनुक्रमांक देण्यासाठी पुष्कळ ठिकाणी जो संख्याप्रकार वापरतात त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. एवढी मोठी संख्या कधी संपणार, असे वाटते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प या अमेरिकन कंपनीच्या एका कोष्टकाचे अनुक्रमांक संपले आणि जवळजवळ पाच तास तिच्या ग्राहकांना जुने वाचता येई, पण नवे काही लिहिता येईना. ही संख्या चोरपावलांनी आलेली नव्हती. ती रोज वाढत होती. मोजावयास कोणी बसले नव्हते, एवढेच.

असो. आता साधनांकडे वळू.

पहिले साधन सर्व्हरच्या पोटातच असते व त्यास दमडी पडत नाही. पोस्टग्रेस आपल्या स्थितीची कोष्टके स्वतःच ठेवतो. आता कोण जोडलेले आहे, कोणाचे कुलूप कोणास अडवीत आहे, कोणत्या प्रकारच्या प्रश्नावर आजवर किती वेळ खर्च झाला, हे सर्व त्यास विचारता येते. शेवटच्या माहितीसाठी एक जोड-भाग आरंभी चालू करावा लागतो. मायएस्क्यूएलमध्ये मंद प्रश्नांची वही असते, पण ती मुळात बंद असते. आणि चालू केली तरी, आपण मर्यादा बदलली नाही तर १० सेकंदांहून अधिक रेंगाळलेले प्रश्नच तीत उतरतात. पतपेढीच्या खिडकीवर १० सेकंद म्हणजे युग झाले. या घरच्या साधनांची ओळख करून घेतल्याविना बाहेरचे साधन आणू नये. ती विचारल्याशिवाय बोलत नाहीत आणि सर्व्हर बंद पडला की त्यांचेही तोंड बंद होते, एवढाच त्यांचा दोष.

बाहेरच्या साधनांत नॅगिऑस हे जुने नाव. १९९९ मध्ये ते निराळ्या नावाने निघाले व २००२ मध्ये त्यास हे नाव मिळाले. त्याची रीत रखवालदाराची. ठरलेल्या वेळी एकेक दार ढकलून पाहावयाचे आणि चारांपैकी एक उत्तर आणावयाचे: ठीक, सावध, गंभीर किंवा कळत नाही. साधेपणा हा त्याचा गुण. परंतु मागील महिन्यात आकडा कसा चढत गेला हे सांगणे त्याचे मूळ काम नव्हे.

झॅबिक्स हे साधन लॅटव्हिया देशातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी तयार केले. ते २००१ मध्ये लोकांपुढे आले. आकडे गोळा करणे, साठविणे, आलेख काढणे व इशारा देणे ही सर्व कामे ते एकटेच करते, आणि पोस्टग्रेस व मायएस्क्यूएल यांच्यासाठी तयार साचे त्याच्याबरोबरच मिळतात. गंमत अशी की, जमविलेले आकडे ठेवण्यासाठी त्यास स्वतःचा एक डेटाबेस लागतो. तोही भरतो, तोही मंदावतो. वैद्यालाच वैद्य लागावा, तसा प्रकार.

प्रोमिथियसचा आरंभ २०१२ मध्ये साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत झाला. ते स्वतः प्रत्येक यंत्राकडे जाऊन, सामान्यतः दर मिनिटास, आकडे ओढून आणते. डेटाबेसशी ते थेट बोलत नाही. मध्ये एक छोटा दुभाषी प्रोग्रॅम बसवावा लागतो. इशारे पोहोचविणारा भाग वेगळा, आणि आलेखांसाठी बहुधा २०१४ पासून उपलब्ध झालेले ग्राफाना हे साधन त्यास जोडतात. ज्यांची यंत्रे शेकड्यांनी आहेत आणि रोज वाढतात-घटतात त्यांना याच्यासारखे दुसरे क्वचितच. पण एक गोष्ट नवख्याने ध्यानात ठेवावी. आपण बदल न केल्यास ते आकडे १५ दिवसच जपून ठेवते. आमच्या सर्व्हरचे दुखणे २१ दिवस वाढत होते. त्या चढणीचा पायथा तोवर पुसला गेला असता.

भाड्याने मिळणाऱ्या सेवाही पुष्कळ आहेत. मांडणीचा त्रास नाही, चित्रे सुबक, आणि दोष कोठे असावा हेही त्या कित्येकदा नेमके सांगतात. मोठ्या संस्थेस त्या परवडतात व शोभतात. परंतु त्यांच्याकडे आपल्या सर्व्हरची माहिती बाहेर जाते. निव्वळ आकडे गेले तर हरकत नाही. प्रश्नांचा मूळ मजकूर जर जसाच्या तसा गेला तर त्यात सभासदांची नावे, खाते क्रमांक, फोन असू शकतात. विकत घेण्याआधी हे विचारावे व उत्तर लेखी घ्यावे. साधन घरचे असो वा बाहेरचे, त्याच्या हाती सर्व किल्ल्या देण्याचेही कारण नाही. २०१७ मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून केवळ देखरेखीपुरता अधिकार वेगळा देता येतो. नाडी पाहणाऱ्याला तिजोरी उघडता येत नाही.

आम्ही अखेर झॅबिक्स निवडले. ते सर्वश्रेष्ठ आहे असे आमचे म्हणणे नाही. सर्व्हर दोनच, पूर्णवेळ माणूस एकही नाही. अशा ठिकाणी तीन-चार भाग जोडून चालविण्यापेक्षा एकच पेटी बरी, एवढाच विचार. ते एका जुन्या पण निराळ्या संगणकावर बसविले, कारण ज्या घरावर पहारा ठेवावयाचा त्याच घरात रखवालदार झोपला तर आगीत दोघेही सापडतात. आठवड्यातून एकदा पीजीबॅजर नावाचा प्रोग्रॅम सर्व्हरच्या नोंदवहीतून मंद प्रश्नांचा अहवाल काढतो; तो आम्ही चहाबरोबर वाचतो.

आलेख आता ऐंशी नाहीत. इशारे सहाच ठेवले: उरलेले दिवस, रेंगाळलेला व्यवहार, भरत आलेल्या खुर्च्या, नकलेसाठी साठलेली रोजकीर्द, राखीव प्रतीचे वय आणि अनुक्रमांकांची मर्यादा. इशारा आला की काही तरी करावेच लागेल, असेच सहा निवडले. जो इशारा वाचून मनुष्य ‘हे नेहमीचेच’ म्हणतो तो काढून टाकावा. तो बाकीच्या पाचांचीही पत घालवितो. पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, नकलेसाठी किती रोजकीर्द राखावी याची कमाल मर्यादा घालता येते. मुळात ती अमर्याद असते. आम्ही ती २० जीबी केली. नक्कल मागे पडून निरुपयोगी झाली तरी चालेल; ती पुन्हा करता येते.

रखवालदारच झोपला तर काय, हा प्रश्न उरतोच. पूर्वी रात्री गस्तवाला ‘जागते रहो’ म्हणत फिरे. हाक ऐकू आली की लोक कूस बदलून झोपत, आणि ती आली नाही तरच उठून पाहत. तीच युक्ती आम्ही केली. झॅबिक्सचा संगणक दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एका ठिकाणी ‘जागा आहे’ एवढाच निरोप देतो. निरोप थांबला की तेथून आमच्या फोनवर घंटा वाजते. याखेरीज व्यवस्थापकांनी स्वतःच्या समाधानासाठी एक जाडजूड वही केली आहे. लिपिक ताई रोज सकाळी खिडकी उघडण्यापूर्वी डिस्कवर मोकळी असलेली जागा तीत शाईने लिहितात व सही करतात. आम्हांस प्रथम हसू आले होते. आता आम्हीही भेटीस गेल्यावर ती वही आधी पाहतो.

सर्व मांडणी झाल्यावर एका शनिवारी दुपारी, व्यवहार बंद झाल्यानंतर, व्यवस्थापकांची परवानगी घेऊन आम्ही नकलेचे यंत्र मुद्दाम बंद केले व फोन समोर ठेवून बसलो. दोन फोनांवर इशारा यावयाचा होता. पहिला सव्वा तासाने वाजला. दुसरा वाजलाच नाही. तपासून पाहता त्या फोनाचा एक आकडा टंकताना चुकला होता. तो दुरुस्त केला, पुन्हा यंत्र बंद करून बसलो, आणि या खेपेस दोन्ही वाजले.